गागाकूचे पाच स्वर पियानोवर शिकताना घाई करू नका

पियानो किंवा कीबोर्ड शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. जपानच्या राजदरबारातलं संगीत, म्हणजे गागाकू, कुठेतरी कानावर पडलं आणि त्याची स्वरपट्टी आपल्या वाद्यावर उतरवून पाहावी असं वाटलं, तर जरूर पाहा. मात्र ती पाच मिनिटांत बसली म्हणून वही मिटू नका. पाच मिनिटांत हाताला पट्ट्या सापडतात. त्या पट्ट्यांतून ते संगीत ऐकू यायला जो वेळ लागतो, तो स्वतःला द्या आणि मुलांनाही द्या.

आधी पट्ट्यांचं सांगून टाकतो, कारण ते सोपं आहे. पांढरी दोनला सा धरा. मग पांढरी तीन, पांढरी पाच, पांढरी सहा, पांढरी सात आणि पुन्हा वरची पांढरी दोन. पाश्चात्त्य नावांनी डी, ई, जी, ए, बी. एकही काळी पट्टी लागत नाही. आपल्या सरगमीत म्हणायचं तर सा रे म प ध. या पट्टीला जपानी संगीतशास्त्रात ‘रित्सु’ म्हणतात. गागाकूत दुसरं कुळ आहे ‘र्यो’ नावाचं. त्यात म जाऊन शुद्ध ग येतो: डी, ई, एफ शार्प, ए, बी, म्हणजे सा रे ग प ध. ही दोन कुळं समजली की पायाभरणी झाली.

मराठी वाचकाच्या तोंडून इथं आपोआप ‘अरे, हा तर दुर्गा!’ आणि ‘हा भूप!’ असे उद्गार निघतील. स्वर तेच आहेत, यात शंका नाही. एवढंच नाही, तर शास्त्रात या पाच स्वरांना आणखी दोन स्वरांची जोड दिलेली आहे. रित्सुच्या सप्तकात कोमल ग आणि कोमल नी येतात, म्हणजे काफी थाट होतो. र्योच्या सप्तकात तीव्र म आणि शुद्ध नी येतात, म्हणजे कल्याण थाट होतो. ज्याचा कान रागसंगीतावर तयार झाला आहे त्याला हे स्वर ओळखायला काहीच कष्ट पडत नाहीत, आणि हा आपल्याला मिळालेला मोठा लाभ आहे. पण खरी काळजी इथूनच घ्यायची आहे.

स्वर ओळखीचे निघाले की बोटं ओळखीच्या वाटेनं चालू लागतात. दुर्गा शिकलेला माणूस ‘ध म’ची संगती घेतो, ‘रे प’ घेतो, मध्यमावर थांबतो. भूप शिकलेला ‘ग रे सा ध’ करून खाली उतरतो. ते सगळं सुंदर आहे, पण ते गागाकू नव्हे. राग स्वरांच्या यादीत नसतो, चलनात असतो, हे आपल्याकडच्या पोराटोरांनाही माहीत असतं. तोच न्याय जपान्यांच्या संगीताला लावायला आपण विसरतो. रित्सुच्या रचनांत वरच्या सा च्या शेजारी येऊन पुन्हा सा ला मिळणारा कोमल नी फार महत्त्वाचा आहे. नुसत्या पाच स्वरांच्या पट्टीत तो दिसतही नाही. म्हणून पट्टी पाठ झाली की लगेच बोटं मोकळी सोडून आपल्या मनचं वाजवू नका. निदान पहिले काही आठवडे नको.

दुसरा धोका यंत्रांचा आहे. अनेक कीबोर्डांत आणि मोबाइलच्या ॲपमध्ये ‘जपानी’ नावाची एक तयार पट्टी असते. ती दाबली की डी, ई फ्लॅट, जी, ए, बी फ्लॅट अशा जातीचे स्वर येतात. कोमल रिषभ आणि कोमल धैवताचा तो करुण रंग गुणक्रीच्या जवळचा आहे. त्याला मियाको-बुशी म्हणतात. तो रंग मुख्यतः एदो काळातल्या शहरी संगीताचा, म्हणजे कोतो आणि शामिसेनच्या संगीताचा आहे. एदो काळ म्हणजे १६०३ ते १८६८. कोतोवादक यात्सुहाशी केंग्यो (१६१४ ते १६८५) यांच्या नावाशी ती वळणं जोडली जातात. दरबारी गागाकू त्याहून कितीतरी जुनं, आणि त्याच्या मुख्य पाच स्वरांत अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच नाही. तेव्हा ॲपमधली ‘जपानी’ पट्टी वाजवून ‘मी दरबारी संगीत शिकतोय’ असं समजू नका आणि मुलांनाही तसं सांगू नका.

जुनं म्हणजे किती जुनं? ७०१ सालच्या ताइहो संहितेनुसार दरबारात संगीताचं स्वतंत्र खातं उभं राहिलं. त्याआधीपासून चीन आणि कोरियातून वाद्यं, रचना आणि वादक येत होतेच. तांग काळातल्या चीनमधून आलेल्या परंपरेला तोगाकू म्हणतात, कोरियाच्या बाजूनं आलेल्या परंपरेला कोमागाकू. याखेरीज जपानची स्वतःची पुरातन देवगीतं आणि नृत्यं आहेत, तीही गागाकूतच मोडतात. आपल्यासाठी जिव्हाळ्याची गोष्ट अशी की या संगीताच्या इतिहासात एक भारतीय नाव आहे. बोधिसेन नावाचे भिक्षू ७३६ साली जपानला पोचले, आणि ७५२ साली नारा इथल्या तोदाइ-जी मंदिरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्यांच्या हस्ते झाला. त्यांच्याबरोबर चंपा देशातला, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या भागातला एक भिक्षू होता, आणि गागाकूतली काही नृत्यं या दोघांनी आणली असं परंपरा मानते. मात्र या धाग्याचा आधार घेऊन ‘हे सगळं मूळचं आपलंच’ असं कुणी म्हणू नये. बाराशेहून अधिक वर्षं ज्यांनी हे संगीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, ते त्यांचं आहे.

आता वाद्यांकडे या, कारण पियानोवर काय जमेल आणि काय जमणार नाही हे त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

चाल वाजवणारं मुख्य वाद्य हिचिरिकी. बांबूची अवघी अठरा सेंटिमीटरची नळी, तिच्या तोंडाशी बोरूच्या जातीच्या गवताची रुंद दुहेरी जिभली. ओसाकाच्या बाजूला योदो नदीकाठी उदोनो नावाचं बोरूचं रान आहे, तिथला बोरू या जिभलीसाठी नावाजलेला आहे. वाजवण्याआधी जिभली गरम हिरव्या चहात बुडवून मऊ करतात. एवढीशी नळी, पण आवाज सनईसारखा सभागृह भरून टाकणारा. तिचा सगळा जीव स्वर घसरवण्यात आहे: ओठांची पकड सैल-घट्ट करत वादक एका स्वरातून दुसऱ्यात जातो आणि मधली सगळी जागा ऐकवतो. या घसरीला ‘एम्बाइ’ म्हणतात. आपण तिला मींड म्हणू. पियानोवर ती येत नाही. कुठल्याही युक्तीनं येत नाही. डिजिटल कीबोर्डचं स्वर वाकवणारं चाक फिरवून ती आणायचा प्रयत्न करू नका. त्यातून नक्कल तेवढी होते आणि कान बिघडतो.

दुसरं वाद्य शो. सतरा बांबूनळ्यांचा उभा जुडगा, त्यातल्या पंधरा वाजतात, दोन मुक्या. श्वास आत घेतानाही आवाज येतो आणि बाहेर सोडतानाही, त्यामुळे सूर तुटतच नाही. श्वासाची वाफ आतल्या धातूच्या पातळ जिभल्यांवर साचली तर त्या बेसूर होतात, म्हणून वादक शेजारी निखाऱ्याचं किंवा विजेचं शेगडं ठेवतो आणि वाजवण्याआधी, मधल्या वेळात, शो हातात फिरवत शेकत राहतो. शो पाच-सहा स्वर एकदम धरून ठेवतो. अशा ठरावीक स्वरगुच्छांना ‘आइताके’ म्हणतात. एका गुच्छातून दुसऱ्यात जाताना बोटं एकदम उचलत नाहीत, ठरलेल्या क्रमानं एकेक सरकवतात.

याशिवाय र्यूतेकी ही आडवी बासरी, काक्को, ताइको आणि शोको ही तालवाद्यं, आणि बिवा व कोतो ही तारेची दोन वाद्यं. पियानोवाल्यानं लक्ष ठेवायचं ते या शेवटच्या दोघांवर. बिवा आणि गागाकूतलं कोतो चाल अखंड वाजवत नाहीत. ठरलेल्या मात्रेला तारा छेडतात आणि नाद विरू देतात. कोतोचे संथ आणि जलद असे छेडण्याचे ठरीव साचे आहेत, शिझुगाकी आणि हायागाकी. आता पियानो काय करतो? हातोडी तारेवर पडते, स्वर उमटतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. म्हणजे पियानोचा स्वभाव हिचिरिकीचा नाही, शोचा तर नाहीच. तो कोतो-बिवाच्या बिरादरीतला आहे. फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेस्याँ यांनी १९६२ साली जपानचा प्रवास केला आणि ‘सेत हाइकाई’ ही रचना केली. पियानो हे त्या रचनेतलं एकल वाद्य, आणि तिच्या एका भागाचं नावच ‘गागाकू’. तिथं शोचा लांबच लांब सूर त्यांनी आठ व्हायोलिनांकडे सोपवला. कुठलं काम कुठल्या वाद्याचं, याची जाण ती हीच.

म्हणून माझा आग्रह असा: पियानोला कोतोचं काम द्या आणि हिचिरिकीचं काम स्वतःच्या गळ्याला द्या.

हे कसं करायचं ते सांगतो. गागाकू शिकणारा जपानी विद्यार्थी वाद्य हातात घेण्याआधी चाल तोंडानं म्हणायला शिकतो. मांडीवर हात मारून मात्रा मोजत तो ‘ता, रा, रो, रु’ अशा अक्षरांतून सगळी रचना गातो. याला ‘शोगा’ म्हणतात. स्वर कुठे घसरतो, कुठे दबतो, कुठे सुटतो, हे सगळं त्या म्हणण्यातच असतं. कागदावरची जुनी लिपी त्याला फक्त खुणा पुरवते. तबल्याचे बोल तोंडावर चढल्याशिवाय आपल्याकडेही गुरुजी हात लावू देत नाहीत, तेव्हा ही शिस्त आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. पियानोच्या विद्यार्थ्यांत मात्र गाऊन वाजवण्याची सवय फार कमी दिसते. तिची सुरुवात करायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

बाकावर बसा, पियानोवर खालचा डी एकदाच वाजवा आणि पेडल दाबून धरा. तो पुरता विरेपर्यंत ऐका. खरोखर ऐका. चांगल्या पियानोवर हा स्वर बराच वेळ टिकतो, आणि शेवटी शेवटी त्यातून वरचे उपस्वर आधी दिसले नव्हते तसे वर येतात. आता तोच डी पुन्हा वाजवा आणि त्या आसेवर गळ्यानं डी लावा. मग गळ्यानंच हळूहळू ईवर जा. उडी मारून नको, सरकत जा, आणि तिथं पोचलात की डाव्या हातानं ए वाजवा. पुढे ई ते जी. या दोघांच्या मध्ये दीड स्वराची मोठी मोकळी जागा आहे. ती गळ्यानं ओलांडताना मधे कुठल्याही स्वरावर पाय ठेवायचा नाही, पण ओलांडण्याची जाणीव मात्र राहिली पाहिजे. असंच ए, बी, आणि वरचा डी. बी ते डी हीसुद्धा तशीच मोकळी जागा. परतताना वरच्या डीवरून एकदा सी या पट्टीला, म्हणजे कोमल निषादाला स्पर्श करून पुन्हा डीवर या, आणि मग उतरा. एवढाच पाठ. आठवडाभर एवढाच असला तरी पुष्कळ झाला.

गळा चांगला नाही, ही सबब नको. हिचिरिकीचा आवाजही गोड नाही, कणखर आहे.

आता साथीबद्दल, आणि इथं मी आग्रहानं बोलणार आहे. या चालीखाली मेजर-मायनर कॉर्ड लावू नका. कारण नीट लक्षात घ्या. डी, ई, जी, ए, बी या पट्टीत डीच्या वर गंधारच नाही, ना शुद्ध, ना कोमल. डी मेजर वाजवलात की तुम्ही एफ शार्प घातलात. डी मायनर वाजवलात की एफ घातलात. आनंदी की उदास, हा प्रश्न या पट्टीनं मोकळा ठेवलेला आहे आणि तिचं सगळं गांभीर्य त्या मोकळेपणात आहे. एका कॉर्डनं तुम्ही त्याचा निकाल लावून टाकता. ऐकणाऱ्याला मग ती चाल चित्रपटातल्या एखाद्या परदेशी दृश्याच्या पार्श्वसंगीतासारखी वाटू लागते, आणि दोष चालीवर जातो.

याचं उत्तम उदाहरण जपानच्या राष्ट्रगीतात आहे. ‘किमिगायो’ची आजची चाल १८८० साली दरबारातल्या गागाकू वादकांनी बांधली. ती हायाशी हिरोमोरी यांच्या नावानं ओळखली जाते. जर्मन बँडप्रमुख फ्रान्झ एकर्ट यांनी तिला पाश्चात्त्य वाद्यवृंदाची साथ लिहिली. पण आरंभी आणि अखेरीस त्यांनी साथ दिलीच नाही. तिथं सगळी वाद्यं एकाच चालीत, एकसुरात वाजतात. जर्मनीत शिकलेला, कॉर्ड हेच ज्याचं रोजचं अन्न असा माणूस ज्या जागी हात आवरता घेतो, तिथं आपणही आवरावा. हे राष्ट्रगीत कुठेही ऐकायला मिळतं. सुरुवात आणि शेवट कान देऊन ऐका, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

साथ हवीच असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, खाली डी आणि ए, म्हणजे सा-प, एवढेच स्वर कोतोसारखे अधूनमधून छेडा. दुसरा, शोच्या धाटणीचा गुच्छ लावा: बी, डी, ई, एफ शार्प, ए आणि वरचा बी. हे सहाही स्वर मधल्या सप्तकाच्या वर, हलक्या हातानं, एकेक करून खालून वर लावा आणि पेडलवर राहू द्या. पहिल्यांदा ते खडे मिसळल्यासारखं वाटेल. थोडा वेळ थांबलात की त्यातला उजेड कळतो. आता तुम्ही म्हणाल, यात एफ शार्प आहेच की, मग मघाशी का अडवलंत? फरक असा की डी मेजरमध्ये एफ शार्प राजा होतो, आणि इथं तो सहांपैकी एक असतो. ई, बी आणि ए त्याच्या इतक्या जवळ असतात की मेजर-मायनरचा निवाडा होतच नाही. शोचा गुच्छ चालीला कुठे ओढत नाही, तिच्यावर छत धरतो.

काळाबद्दल थोडं. मेट्रोनोम बाजूला ठेवा. गागाकूत तालाचं नेतृत्व काक्को वाजवणाऱ्याकडे असतं, पण कुणी हातवारे करून मात्रा दाखवत नाही. वादक एकमेकांचा श्वास ऐकतात. मात्रा लांबते, ताइकोचा मोठा ठोका पडण्याआधी सगळे जणू श्वास रोखतात, आणि रचना पुढे सरकते तशी गती नकळत वाढते. फार संथ आहे म्हणून कुणी कंटाळतात, विशेषतः परीक्षेच्या गतीची सवय झालेली मुलं. त्यांना एक काम द्या: दोन स्वरांच्या मधे एक पूर्ण श्वास घ्यायचा आणि पुढचा स्वर श्वास सोडताना वाजवायचा. घड्याळ लावून त्यांची गती मोजू नका. श्वास स्थिर झाला की मात्राही स्थिर होते.

रचना सुरू होण्याआधी ‘नेतोरी’ नावाचा छोटा तुकडा वाजवतात. शो, मग हिचिरिकी, मग बासरी, पुढे तारवाद्यं, असे एकेक करून येतात आणि त्या मेळाचे स्वर हवेत मांडतात. मेळ म्हणण्याचं कारण असं की तोगाकूचे सहा मेळ आहेत आणि प्रत्येकाचा आधारस्वर ठरलेला आहे. इचिकोत्सुचोचा डी, ह्योजो आणि ताइशिकिचोचा ई, सोजोचा जी, ओशिकिचोचा ए आणि बांशिकिचोचा बी. आपला सा गळ्याप्रमाणे हलतो, यांचा हलत नाही. त्यांना ऋतूही वाटून दिलेले आहेत: सोजो वसंताचा, ओशिकिचो ग्रीष्माचा, ह्योजो शरदाचा, बांशिकिचो हिवाळ्याचा. सकाळ-संध्याकाळचे राग मानणाऱ्याला यात नवल वाटू नये.

डीवरची पट्टी पचली की ह्योजोकडे वळा, कारण गागाकूतली सर्वांत प्रसिद्ध रचना ‘एतेनराकु’ बहुतेकदा ह्योजोत ऐकू येते. इथं सा पांढरी तीनवर. मग काळी तीन, पांढरी सहा, पांढरी सात, काळी एक. आणि पांढरी दोन, म्हणजे कोमल निषाद, ही पट्टी हाताशी ठेवा, तिच्यावाचून एतेनराकु उभं राहत नाही.

हे वाचून कुणाचा हात ‘ट्रान्सपोज’च्या बटणाकडे जाईल. तो थांबवा. एतेनराकु ह्योजोशिवाय ओशिकिचो आणि बांशिकिचोतही आहे, पण एका मेळातून दुसऱ्यात नेताना चाल जशीच्या तशी उचलून ठेवत नाहीत. हिचिरिकीची झेप जेमतेम सप्तकाहून थोडी जास्त. त्यामुळे नव्या मेळात चालीला काही ठिकाणी वळावं लागतं, दुमडावं लागतं, आणि ती वेगळीच दिसू लागते. अशा रचनांना ‘वाताशिमोनो’ म्हणतात. तिन्ही एतेनराकु लागोपाठ ऐकल्या तर एकाच रचनेची ही तीन रूपं आहेत हे पहिल्या ऐकण्यात ओळखता येत नाही. बटण दाबून हे घडत नाही. म्हणून नवी पट्टी नव्यानंच शिका, बोटांनीही आणि गळ्यानंही.

आता सुराचा हिशोब. गागाकूतला ए हा सेकंदाला ४३० कंपनांचा, आपल्या पियानोचा ४४० चा. फरक चाळीस सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडा कमी. ध्वनिमुद्रण लावून त्याबरोबर वाजवायला बसलात तर सगळंच बेसूर वाटेल, आणि त्यात ना तुमचा दोष, ना पियानोचा. डिजिटल पियानोवर मूळ सूर खाली उतरवण्याची सोय असेल तर ४३० करून घ्या. तारेचा पियानो असेल तर यासाठी तो उतरवू नका. तारांचा ताण सगळीकडे बदलतो आणि सूर टिकत नाही. ध्वनिमुद्रण नुसतं ऐका, बंद करा आणि मग वाजवा.

स्वरांच्या आपसांतल्या अंतरांबाबत मात्र पियानोवाल्यांना चांगली बातमी आहे. आपल्या रागांसाठी पियानो-हार्मोनियमचा गंधार खटकतो, कारण शुद्ध गंधार ३८६ सेंटवर आणि पट्टीचा ४०० वर. गागाकूचे स्वर पंचमाच्या साखळीतून मिळवतात. त्या हिशोबानं रित्सुचा रे २०४ वर येतो, म ४९८ वर, प ७०२ वर आणि ध ९०६ वर. पियानोवर ते २००, ५००, ७०० आणि ९०० असतात. सर्वांत मोठी तफावत सहा सेंटची. म्हणजे ही पट्टी पियानोवर फारशी दुखावली जात नाही. पियानोवर आपला एखादा राग वाजवण्यापेक्षा रित्सु वाजवणं सुराच्या दृष्टीनं अधिक प्रामाणिक ठरतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पालकांना आणि शिक्षकांना एक सांगायचं आहे. पुण्या-मुंबईत, नागपुरात, गोव्यात हजारो मुलं पियानो-कीबोर्ड शिकतात. ग्रेडच्या परीक्षेसाठी स्केल घोटून घेतली जातात, आणि ती घोटावी लागतातच. त्यातच आठवड्यातली दहा मिनिटं या पाच स्वरांसाठी काढा. परीक्षेत याचे गुण नाहीत, आणि ते नसलेलेच बरे. सूर विरेपर्यंत ऐकणं, गाऊन मग वाजवणं, कॉर्डचा मोह आवरणं, या तिन्ही गोष्टी मुलाला पुढे बाख वाजवतानाही उपयोगी पडतील आणि यमन गातानाही. फक्त स्नेहसंमेलनात ‘जपानी दरबारी संगीत’ अशी पाटी लावून मुलाला किमोनो घालून बसवू नका. ‘रित्सु पट्टीवरचा अभ्यास’ एवढंच जाहीर करा. हे देवळांतल्या विधींचं आणि राजदरबारातल्या समारंभांचं संगीत आहे, आणि आजही ते तिथं वाजतं. आपल्या नावानं वाजवतो ते किती आणि त्यांचं किती, हे सांगून टाकावं.

आणि ऐका. वाजवण्याच्या दुप्पट वेळ ऐका. जपानच्या राजघराण्याच्या कारभार खात्यात गागाकूचा स्वतंत्र संगीत विभाग आहे. युनेस्कोनं २००९ साली गागाकूला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. राजघराण्याच्या संगीत विभागातले वादक एदोनंतरच्या मेइजी काळापासून पाश्चात्त्य संगीतही शिकत आले आहेत. सकाळी हिचिरिकी हाती घेणारा माणूस राजवाड्यातल्या मेजवानीत युरोपीय वाद्यवृंदातही बसतो. दोन्ही परंपरा एकाच माणसात नांदतात, पण ते एकीचं दुसरीत कालवण करत नाहीत. कोनोए हिदेमारो यांनी १९३१ साली एतेनराकु पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिलं, तेही मिळवून ऐका, पण मूळ ऐकून झाल्यावर.

जपानात नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबं आता थोडी नाहीत. त्यांना तर मी हात जोडून सांगेन की ही संधी घालवू नका. ओसाकाच्या शितेन्नो-जी मंदिरात २२ एप्रिलला दगडी मंचावर नृत्यासह गागाकू होतं. नारा इथं कासुगा देवस्थानाच्या डिसेंबरमधल्या उत्सवात ते उघड्यावर, थंडीत, तासन्‌तास चालतं. तोक्योत राजवाड्याच्या आवारातल्या संगीतगृहात शरद ऋतूत सामान्य जनतेसाठी प्रयोग ठेवतात. त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो आणि अर्ज जागांपेक्षा जास्त येतात. तेव्हा तारखा वेळेवर पाहून अर्ज भरा, आणि पियानो शिकणाऱ्या मुलांना बरोबर न्या.